बोर्डावर पाच वकील, पण तुमच्या दाव्यात उभा कोण राहणार?

पत्र

नमस्कार काका,

माझं सासर राजारामपुरीत, माहेर करवीर तालुक्यातल्या एका गावात. वडील 2019 मध्ये गेले. मागे आई, आम्ही दोघी बहिणी आणि धाकटा भाऊ. वडिलोपार्जित तीन एकर ऊस आहे, सातबाऱ्यावर चौघांची नावं लागली आहेत. भाऊ आता हक्कसोडपत्रावर सह्या मागतोय. थोरलीने केली, नोंदणी अजून व्हायची आहे. मला करायची नाही. माझा हिस्सा वेगळा करून हवा आहे.

भाच्याने एका लहान लॉ फर्मचं रंगीत पत्रक आणून दिलं. त्यात पाच जणांचे फोटो आणि माहिती आहे. थोरले साहेब, 1984 ची सनद, फौजदारीत नाव, शिवाय नोटरी, घरात वकिलीची तिसरी पिढी. त्यांचा मुलगा, राष्ट्रीय विधी विद्यापीठातून पाच वर्षांचा कोर्स, परदेशातून एलएलएम, मुंबईत कंपन्यांची कामं करत होता, कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यावर इकडे परतला. एक जिल्हा न्यायाधीश, गेल्या वर्षी कोल्हापुरातूनच निवृत्त झालेले. एक वकीलबाई, बी.कॉम., एलएलबी, जीडीसी अँड ए. आणि एक गडहिंग्लजकडचा तरुण, शहाजी लॉ कॉलेजचा, सनद दोन वर्षांपूर्वीची. फोन केला की तोच उचलतो. या पाचांत माझं काम कोणाला द्यावं? कोणाचं शिक्षण माझ्या उपयोगाचं? आणि भावाला न सांगता वकील गाठला तर बरं दिसेल का?

ता. क. हक्कसोडाचा मसुदा ज्या लेजर पेपरवर आलाय, त्याच्या शेवटी याच फर्मचा शिक्का आहे. म्हणजे त्यांना आमची जमीन आधीच माहीत आहे. काम सोपं होईल ना?

— एक बहीण, कोल्हापूर

उत्तर

ताई,

तुमचा ता. क. पत्राच्या पहिल्या ओळीत यायला हवा होता. काम सोपं होणार नाही. या फर्मकडे तुमचं काम जाताच कामा नये.

वकिलांनी कसं वागावं याचे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम आहेत. त्यातला 33 वा नियम असा, की ज्या वकिलाने एखाद्या प्रकरणात एका पक्षाला सल्ला दिला, त्याचे कागद लिहिले किंवा त्याच्यातर्फे काम केलं, त्याने त्याच प्रकरणात समोरच्या पक्षातर्फे उभं राहायचं नाही. तुम्ही हक्क सोडावा म्हणून तुमच्या भावासाठी ज्यांनी मसुदा लिहिला, तेच तो हक्क राखायला तुमच्यातर्फे कसे उभे राहणार? नियमात शब्द वकील असा आहे, कार्यालय असा नाही, त्यामुळे ‘मसुदा त्याने केला, दावा हा चालवील’ असं सांगणारा कोणी भेटेल. पण पाच माणसांच्या ऑफिसात कपाट एक, कारकून एक, चहा एकत्र. भावाने मसुदा करून घेताना तिथे काय काय सांगितलं असेल, तुम्ही उद्या काय सांगाल, हे सगळं एकाच टेबलावरून जाणार. त्यांनी मुद्दाम काही केलंय असं मी म्हणत नाही, भाच्याने पत्रक आणलं हे त्यांच्या गावीही नसेल. तुम्ही नाव-गट नंबर सांगितलात तर सरळ ऑफिस स्वतःच म्हणेल, ‘बाई, आम्हाला हे घेता येणार नाही.’ तसं कोणी म्हणालं नाही, तर तुम्हीच तिथून उठायचं.

मग पाच जणांची चर्चा कशाला, असं वाटेल. कारण दुसऱ्या ऑफिसात गेलात तरी हीच पाच माणसं वेगळ्या आडनावांनी भेटणार आहेत. कोल्हापुरातल्या बहुतेक लहान फर्मची घडण अशीच असते. मी दिवाणी कोर्टात शिरस्तेदार, म्हणजे कचेरीतला मुख्य कारकून होतो, वकील नव्हे. वकील बोलताना कसे दिसतात हे लोकांना माहीत असतं. त्यांनी दाखल केलेले कागद कसे दिसतात, ते आमच्या टेबलावर कळायचं.

आधी त्या पत्रकाबद्दल. ते छापायलाच नको होतं. 36 व्या नियमाने वकिलाला जाहिरातीची, पत्रकं वाटायची मनाई आहे. पाटीवर किंवा लेटरहेडवर आपण अमुक कामात तज्ज्ञ आहोत, किंवा पूर्वी न्यायाधीश होतो, असं लिहायचीही मनाई आहे. म्हणून तर कोर्टाच्या आसपास शेकडो पाट्या दिसतात आणि कुठल्याही पाटीवर ‘वाटपाच्या दाव्यांचे स्पेशालिस्ट’ असं नसतं. 2008 पासून एवढी सवलत मिळाली, की स्वतःच्या संकेतस्थळावर नाव-पत्ता, सनदेचा नंबर आणि तारीख, मूळ नोंदणी कुठली, कोणत्या बार असोसिएशनचे सभासद, शिक्षण, आणि कोणत्या प्रकारची कामं करतो, इतकं देता येतं. रंगीत पत्रकावर निवृत्त न्यायाधीशांचा फोटो छापणाऱ्या ऑफिसने स्वतःचे नियम तरी वाचलेत का, अशी शंका मला येते. पण ते असो.

न्यायाधीश साहेबांचंच आधी बघू, कारण भुरळ तिथेच पडते. जो अधिकारी निवृत्तीआधीच्या तीन वर्षांत ज्या भागात न्यायदान करत होता, त्या भागात त्याला निवृत्तीनंतर दोन वर्षं वकिली करता येत नाही. साहेब गेल्या वर्षी इथूनच निवृत्त झाले असतील तर सध्या ते तुमच्यातर्फे कोल्हापूरच्या कोर्टात उभे राहू शकत नाहीत. ‘साहेबांची ओळख आहे, काम होईल’ असं कोणी हळूच सुचवलं तर त्या माणसापासून लांब राहा. ओळखीने निकाल लागत नाहीत, ओळखीच्या नावाने फी मात्र वाढते.

थोरल्या साहेबांची 1984 ची सनद. चाळीस वर्षांची वकिली ही लहान गोष्ट नव्हे. पण ती चाळीस वर्षं सेशन कोर्टात गेली. खुनाच्या खटल्यात साक्षीदाराला घाम फोडणारा माणूस वाटपाच्या दाव्यात पुढची तारीख मागत बसलेला मी पाहिलाय. तिथे लागणारी विद्याच वेगळी, तीन पिढ्यांचे फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, शांतपणे लावत बसायची. नोटरीचा शिक्काही तुमच्या कामाचा नाही. ती सरकारी नेमणूक आहे, सर्वसाधारण उमेदवाराला त्यासाठी किमान 10 वर्षांची वकिली लागते, आणि काम प्रतिज्ञापत्रं नि कागद प्रमाणित करायचं. त्यावरून दिवाणी दावा किती जमतो हे कळत नाही. आणि तिसऱ्या पिढीचं म्हणाल, तर शाहू महाराजांनी याच गावात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या, तेव्हा त्यांच्या घरात वकिलीची कोणती पिढी चालू होती?

चिरंजीवांकडे वळू. बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स असो की पदवीनंतरचा तीन वर्षांचा, सनद एकच मिळते, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची. 2009-10 नंतर पदवी घेतलेल्यांना वर अखिल भारतीय बार परीक्षाही पास व्हावी लागते. शहाजी कॉलेज 1933 चं, पूर्वीचं साईक्स लॉ कॉलेज. आपल्या भागातले कितीतरी वकील आणि न्यायाधीश तिथल्या बाकांवरून गेले. तेव्हा दिल्ली-बेंगळुरूचं नाव मोठं आणि इथलं लहान, हा हिशेब दिवाणी कोर्टात चालत नाही. एलएलएम म्हणजे पुढचा अभ्यास. त्याला मी नावं ठेवणार नाही, कायद्याच्या मुद्द्यावर अपील लढवायचं असेल तर असा माणूस लागतो. पण त्या पोराने अजून तलाठ्याची चावडी पाहिली नसेल.

सर्किट बेंचमुळे ऑगस्ट 2025 पासून पुणे-मुंबईच्या बऱ्याच वकिलांनी इकडे ऑफिसं थाटली, पाट्यांवर ‘उच्च न्यायालय’ झळकायला लागलं. चार दशकांहून जास्त काळ इथल्या वकिलांनी त्यासाठी आंदोलनं केली, मलाही त्याचं कौतुक आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची कामं आता सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत चालतात. पण तुमचा दावा सुरू होणार तो दिवाणी न्यायालयात, कसबा बावड्याला. तिथे हरला-जिंकलात की जिल्हा न्यायालय, आणि कायद्याचा मोठा प्रश्न निघाला तर हायकोर्टात दुसरं अपील. बेंचचा फायदा तुम्हाला झालाच तर तेव्हा, मुंबईची एसटी वाचेल. आज हायकोर्टाच्या पाटीसाठी जादा पैसे मोजू नका.

आता वकीलबाई. जीडीसी अँड ए हा सहकार आणि लेखाशास्त्राचा सरकारी डिप्लोमा आहे. पतसंस्था, दूध संस्था, साखर कारखाने यांच्या या जिल्ह्यात तो सोन्यासारखा. वसुलीचे दाखले, सहकार न्यायालयातले वाद, संस्थेच्या हिशेबाची भांडणं यात अशी बाई दहा जणांना भारी पडते. तुमचा वाद सहकाराचा नाही. पण पाचांत मला त्यातल्या त्यात कोणाशी बोलावंसं वाटलं असतं तर यांच्याशी, कारण असं काम करणाऱ्यांना सरकारी कार्यालयांच्या पायऱ्या माहीत असतात, आणि तुमच्या कामात तेच अर्धं युद्ध आहे. ते कसं, सांगतो.

जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलीचा हक्क जन्मापासून मुलासारखाच, हे 2005 च्या दुरुस्तीने ठरलं आणि वडील कधी वारले याने फरक पडत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर नोंदणीकृत वाटप झालं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे तुमच्या हक्काबद्दल कायद्यात फारसा घोळ नाही. घोळ होतो तो दाव्याच्या बांधणीत. एखादा गट नंबर सुटला, गावठाणातलं घर राहिलं, आईला किंवा थोरलीला पक्षकार केलं नाही, की समोरचा वकील कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, तेवढंच धरून बसतो आणि दोन वर्षं दुरुस्तीच्या अर्जात जातात. आमच्याकडे प्रत्येक कागदाला निशाणी, म्हणजे क्रमांक पडतो: दावा निशाणी 1, मनाई हुकमाचा अर्ज निशाणी 5. सगळ्यांचं लक्ष निशाणी 5 वर, कारण भाऊ जमीन विकणार का, हे तिथे अडतं. मी मात्र आधी कागदांची यादी उघडायचो. नीट वकिलाच्या यादीत चालू सातबारा, 8-अ चा खातेउतारा, आणि मागे जाता जाता आजोबांच्या नावाचा फेरफार असायचा, प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाची नक्कल वाचता येण्यासारखी. दुसऱ्यांच्या यादीत एक सातबारा आणि ‘इतर कागद मागाहून हजर करू’.

शिवाय हुकूमनामा झाला म्हणजे जमीन हातात आली असं नाही. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदार, भूमी अभिलेखचा मोजणीदार, मग नकाशा, ताबा, फेरफार. कोर्टात जिंकून तहसीलला अडकलेली माणसं मी पोत्याने पाहिली आहेत. त्यांचे वकील वाईट नव्हते, पण दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केल्यावर ती फाइल महसुलात कुठे फिरते याचा त्यांना पत्ता नसायचा. म्हणून तुम्हाला असा वकील हवा जो आठवड्यातले तीन दिवस दिवाणी कोर्टात आणि एक-दोन दिवस करवीर तहसील नि प्रांत कार्यालयात दिसतो. त्याची पदवी कुठली, हे त्यानंतर विचारा. विचारलं नाही तरी चालेल.

असा माणूस ओळखायचा कसा? ई-कोर्ट्सच्या ॲपवर वकिलाच्या नावाने शोधता येतं. नावाचं स्पेलिंग दहा तऱ्हेने टाकलेलं असतं, त्यामुळे सगळं सापडणार नाही, पण वाटपाचे दावे किती, कुठल्या टप्प्यावर, एवढा अंदाज येतो. एखादा दावा उघडून तारखांचा तपशील बघा, दर वेळी मुदतीचा अर्ज दिसला तर समजा. किती जिंकले-हरले ते मोजू नका, वाटपाच्या दाव्यात तडजोड हाही चांगला निकाल असतो. आणि एक सकाळ खर्ची घालून अकराच्या सुमारास बावड्याला जा. कोर्ट उघडं असतं, मागच्या बाकावर कोणीही बसू शकतं. ज्यांचं नाव ऐकलंय ते स्वतः उभे राहतात की ज्युनिअरला ढकलतात, हे तासाभरात दिसेल.

पहिल्या भेटीत एक गोष्ट बारकाईने बघा. तुम्ही बोलत असताना तो कोऱ्या कागदावर वंशावळ काढायला घेतो का? आजोबा, त्यांची मुलं, आत्या होत्या का, त्यांचं काय झालं. मग विचारतो का, की जमीन भोगवटादार वर्ग 1 ची (मोकळी) की 2 ची (सरकारी बंधनं असलेली), कधी इनाम होती का, कुळाचा काही शेरा आहे का? आपल्याकडे हा प्रश्न महत्त्वाचा. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं, तोवर इथल्या कितीतरी जमिनी देवस्थानाच्या, वतनाच्या होत्या. जुना कागद मोडी लिपीतला निघाला तर तो वाचणारा कोण, हेही चांगल्या वकिलाला माहीत असतं. हे काहीच न विचारता जो थेट ‘घाबरू नका, भावाला सरळ करतो’ म्हणतो, त्याला नमस्कार करून या.

आणि तो गडहिंग्लजचा पोरगा. त्याला कमी लेखू नका. कुठल्याही फर्ममध्ये निम्म्याहून जास्त तारखांना तोच उभा असणार आहे, नक्कल अर्ज तोच देणार, तुमचा फोन तोच उचलणार. म्हणून फी ठरण्याआधी थेट विचारायचं, ‘साहेब, साक्षीपुराव्याच्या दिवशी उभं कोण राहणार? उलटतपास कोण घेणार?’ वकीलपत्रावर ज्यांची ज्यांची नावं असतील ती वाचा. कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. ज्युनिअर हुशार आणि वर लक्ष ठेवणारा मुरलेला असेल, तर ती जोडी एकट्या नामवंतापेक्षा बरी.

फी टप्प्याटप्प्याने ठरवा आणि पावती मागा. जमिनीतला हिस्सा फी म्हणून मागणं किंवा ‘जिंकलं तर इतके टक्के’ हे वकिलाला नियमानेच वर्ज्य आहे. असं बोलणारे खेड्यापाड्यात भेटतात, म्हणून सांगितलं. पुढे वकील बदलायची वेळ आली तर फी थकली म्हणून तो तुमचे कागद अडवू शकत नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली ते ठरवलंय. पण काम बिघडवलं म्हणून ग्राहक आयोगात जाता येणार नाही. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, असा मे 2024 चा निकाल आहे. गैरवर्तन असेल तर तक्रार बार कौन्सिलकडे, आणि तिथे वेळ लागतो.

पैशाची अडचण असेल तर, तुम्ही लिहिलं नाही पण सांगून ठेवतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टातच आहे. 1987 च्या कायद्याने स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन केला तरी चालतो. फुकटचा वकील म्हणून नाक मुरडू नका, तिथेही वंशावळीचीच परीक्षा घ्या, आणि दिवाणी काम करणाराच मागा.

घाई मात्र नाही. तुमचं नाव सातबाऱ्यावर आहे, तुम्ही कशावरही सही केलेली नाही. थोरलीच्या सहीलाही नोंदणी झाल्याशिवाय जमिनीच्या बाबतीत अर्थ नाही. तिला एवढंच विचारा, की मनापासून केली की आग्रहाला बळी पडून. मन बदललं असेल तर ती नोंदणीला गेलीच नाही, तरी पुष्कळ. मसुद्याचा मूळ कागद तुमच्याकडे असू द्या. भावाने मागितला तर झेरॉक्स द्या.

राहिला भाऊ. न सांगता वकील गाठण्यात काही वावगं नाही, सल्ला घेणं म्हणजे भांडण करणं नव्हे. पण दावा टाकायच्या आधी त्याला सांगा. कोर्टाची समन्स गावात बेलिफ घेऊन आला आणि चारचौघांसमोर वाचली गेली, की तडजोडीच्या निम्म्या वाटा तिथेच बंद होतात. वकिलाकडून आधी साधी नोटीस जाऊ दे, त्यात मध्यस्थीची तयारी लिहायला सांगा. कोर्टातही मध्यस्थी केंद्र आहेच. आणि नोटीस पोस्टात टाकायच्या आदल्या दिवशी माहेरी जाऊन आईसमोर त्याला तोंडाने सांगा. आईचाही त्या तीन एकरांत हिस्सा आहे, आणि आजवर तिला कोणी विचारलेलं तुमच्या पत्रात तरी दिसलं नाही.